वॉरलॉकचे मल्टिक्लासिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत वॉरलॉक या क्लासची (पात्राच्या पेशाची; हा पेशा ‘पेट्रन’ नावाच्या बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवतो) जादू इतर जादूगारांसारखी वाढत नाही, आणि म्हणूनच या क्लासला दुसऱ्या क्लासची जोड देण्याचा विषय निघाला की टेबलावर तासभर चर्चा होते. पुढील उत्तरे मुख्यतः २०१४ च्या नियमांवर आधारलेली आहेत. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकने जेथे हिशेब बदलला आहे, तेथे तसे सांगितले आहे. घोटाळा होऊ नये म्हणून पात्राच्या किंवा क्लासच्या बाबतीत ‘लेव्हल’ आणि स्पेलच्या बाबतीत ‘पातळी’ हा शब्द सर्वत्र वापरला आहे.

मल्टिक्लासिंग म्हणजे नेमके काय, आणि ते कोणालाही करता येते का?

पात्राची लेव्हल वाढते तेव्हा आहे त्याच क्लासमध्ये पुढे न जाता दुसऱ्या क्लासची पहिली लेव्हल घेणे, म्हणजे मल्टिक्लासिंग. २०१४ च्या पुस्तकात हा ऐच्छिक नियम आहे. त्यामुळे डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) परवानगी दिली असेल तरच तो लागू होतो, आणि पात्र रंगवून झाल्यावर ही परवानगी मागण्यापेक्षा आधीच विचारून घेणे सर्वांच्या सोयीचे असते.

पात्रतेची अट कॅरिझ्मा, स्ट्रेंग्थ अशा पात्राच्या गुणांच्या स्कोअरवर असते आणि ती दोन्ही बाजूंनी पाहिली जाते. वॉरलॉकमध्ये येण्यासाठी कॅरिझ्मा १३ लागतो, तसाच वॉरलॉकमधून बाहेर पडून दुसरे काही घेण्यासाठीही तो १३ असावाच लागतो. सॉर्सरर आणि बार्ड यांचीही अट कॅरिझ्मा १३ एवढीच असल्यामुळे वॉरलॉकला हे दोन क्लास जवळजवळ फुकट पडतात. पॅलाडिनसाठी कॅरिझ्माबरोबर स्ट्रेंग्थ १३, फायटरसाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३, विझर्डसाठी इंटेलिजन्स १३ आणि क्लेरिकसाठी विज्डम १३ हवे.

एक गैरसमज वारंवार दिसतो. पाचव्या लेव्हलच्या पात्राने दुसऱ्या क्लासची पहिली लेव्हल घेतली, तर ती ‘पहिली’ असल्यामुळे स्वस्तात मिळेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. अनुभवाचे गुण पात्राच्या एकूण लेव्हलनुसार मोजले जातात, म्हणजे सहावी लेव्हल गाठण्यासाठी एकूण १४,००० गुण लागणार म्हणजे लागणारच, मग ती लेव्हल कोणत्याही क्लासची असो.

वॉरलॉकच्या कोणत्या शक्ती एकूण लेव्हलबरोबर वाढतात आणि कोणत्या केवळ वॉरलॉकच्या लेव्हलबरोबर?

सगळा विषय या प्रश्नावर उभा आहे, आणि याचे उत्तर नीट समजले की पुढचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

एकूण लेव्हलबरोबर वाढणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एल्ड्रिच ब्लास्ट. हा कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) १२० फुटांवरून दहा पैलूंच्या एका फाशाइतकी इजा करतो. पाचव्या लेव्हलला त्याचे दोन, अकराव्याला तीन आणि सतराव्याला चार झोत होतात, आणि या सर्व लेव्हल पात्राच्या एकूण लेव्हल आहेत. म्हणजे वॉरलॉकच्या फक्त दोन लेव्हल आणि सॉर्सररच्या पंधरा लेव्हल असलेले पात्रही चार झोत सोडते. दुसऱ्या लेव्हलला मिळणारे अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट हे इन्व्होकेशन (वॉरलॉकने निवडून घ्यायची खास शक्ती) प्रत्येक झोताच्या इजेत कॅरिझ्माचा मॉडिफायर (स्कोअरवरून निघणारी भर) मिळवते, त्यामुळे झोत वाढले की त्याची किंमत आपोआप वाढत जाते. रिपेलिंग ब्लास्टचेही तसेच आहे, कारण लागलेला प्रत्येक झोत शत्रूला १० फूट मागे ढकलतो. प्रोफिशिअन्सी बोनसही (प्रावीण्यामुळे फाशात मिळणारी भर) एकूण लेव्हलवर ठरतो, आणि स्पेलचा सेव्ह डीसी (स्पेल चुकवण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) त्यावर अवलंबून असल्यामुळे तोही मागे पडत नाही.

याउलट पॅक्ट मॅजिकचे, म्हणजे वॉरलॉकच्या जादूचे, स्लॉट (एका स्लॉटमागे एक स्पेल टाकता येतो) केवळ वॉरलॉकच्या लेव्हलवर चालतात. पहिल्या लेव्हलला एक आणि दुसऱ्याला दोन स्लॉट मिळतात. त्यानंतर अकराव्या लेव्हलपर्यंत संख्या दोनच राहते, परंतु त्या दोन्ही स्लॉटची पातळी तिसऱ्या लेव्हलला दुसरी, पाचव्याला तिसरी, सातव्याला चौथी आणि नवव्याला पाचवी होते. अकराव्या लेव्हलला तिसरा आणि सतराव्याला चौथा स्लॉट येतो. सहाव्या पातळीपासूनचे स्पेल स्लॉटवर चालतच नाहीत. ते मिस्टिक आर्केनम म्हणून अकराव्या, तेराव्या, पंधराव्या आणि सतराव्या लेव्हलला एकेक करून मिळतात व प्रत्येकी लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदाच वापरता येतात. दुसऱ्या क्लासमध्ये घातलेली प्रत्येक लेव्हल ही शिडी तेवढीच पुढे ढकलते.

इन्व्होकेशनची संख्या, आणि एखाद्या इन्व्होकेशनसाठी सांगितलेली लेव्हलची अट, या दोन्ही गोष्टीही वॉरलॉकच्याच लेव्हलवर पाहिल्या जातात. ‘पाचवी लेव्हल’ अशी अट असलेले थर्स्टिंग ब्लेड वॉरलॉक ३ आणि फायटर २ अशा पात्राला घेता येत नाही. अ‍ॅबिलिटी स्कोअर वाढवण्याची किंवा फीट (एखादे जादा कौशल्य) घेण्याची संधीही क्लासच्या चौथ्या, आठव्या, बाराव्या, सोळाव्या व एकोणिसाव्या लेव्हलला येते. वॉरलॉक ३ व सॉर्सरर ३ अशा अवस्थेत थांबलेल्या पात्राला सहा लेव्हल होऊनही ती एकदासुद्धा मिळालेली नसते, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या फार उशिरा लक्षात येते.

पॅक्ट मॅजिकचे आणि दुसऱ्या क्लासचे स्लॉट एकत्र होतात का?

मोजताना होत नाहीत, वापरताना होतात. बार्ड, सॉर्सरर, विझर्ड, क्लेरिक आणि ड्रुइड यांच्या लेव्हल एकत्र करून एका सामाईक तक्त्यावरून स्लॉट ठरवले जातात, त्यात पॅलाडिन व रेंजरच्या निम्म्या लेव्हल धरतात, पण वॉरलॉकची लेव्हल या बेरजेत अजिबात धरली जात नाही. त्याचे स्लॉट वेगळ्या खात्यात राहतात आणि शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) परत येतात.

वापरताना मात्र दोन्ही खाती एकमेकांना खुली असतात. पॅक्ट मॅजिकच्या स्लॉटवर सॉर्सररचा स्पेल टाकता येतो आणि सॉर्सररच्या स्लॉटवर वॉरलॉकचा. त्यामुळे पहिल्या पातळीचा शील्ड किंवा हेक्स (शत्रूला जादा इजा करवणारा शाप) टाकायचा असेल तेव्हा पॅक्ट मॅजिकचा मोठा स्लॉट वाया घालवण्याची वॉरलॉकची नेहमीची पंचाईत टळते. हा फायदा तक्त्यात कोठे दिसत नाही, पण खेळताना सर्वांत जास्त जाणवतो.

स्पेल किती आणि कोणत्या पातळीचे शिकता येतील, हे प्रत्येक क्लाससाठी वेगळे, जणू ते पात्र फक्त त्याच क्लासचे आहे असे समजून ठरवावे. एकत्रित हिशेबाने वरच्या पातळीचा स्लॉट हाती आला म्हणून त्या पातळीचा स्पेल शिकता येत नाही. त्या स्लॉटवर खालचाच स्पेल अधिक जोराने टाकावा लागतो.

वॉरलॉकच्या किती लेव्हल घ्याव्यात?

मुख्य क्लास दुसरा असेल तर दोन किंवा तीन. दोन लेव्हलमध्ये एल्ड्रिच ब्लास्ट, दोन इन्व्होकेशन आणि शॉर्ट रेस्टला परतणारे दोन स्लॉट मिळतात. तिसऱ्या लेव्हलला ते स्लॉट दुसऱ्या पातळीचे होतात व पॅक्ट बून (पेट्रनची खास देणगी) येतो. तीनपर्यंत थांबण्यामागे आणखी एक कारण आहे: पूर्ण जादूगार क्लासला नवव्या पातळीचा स्पेल सतराव्या लेव्हलला मिळतो, आणि वीसमधून तीन वजा केले तर सतराच उरतात. अर्थात, विसाव्या लेव्हलपर्यंत टिकणाऱ्या मोहिमा फार थोड्या असतात, त्यामुळे हे कारण कागदावर जेवढे वजनदार दिसते तेवढे प्रत्यक्षात नसते.

मुख्य क्लास वॉरलॉकच असेल, तर माझे स्पष्ट मत असे की पाचव्या लेव्हलच्या आत बाहेर पडू नये. तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट आणि तिसरे इन्व्होकेशन हाती आल्यावरच हा क्लास स्वतःच्या पायावर उभा राहतो. त्यापुढे नववी लेव्हल हा दुसरा चांगला थांबा आहे, कारण तेथे स्लॉट पाचव्या पातळीवर पोहोचतात आणि त्याहून वर ते कधीच जात नाहीत. सहावी किंवा आठवी लेव्हल घेऊन मग क्लास बदलणे बहुधा तोट्याचे ठरते, कारण पुढची मोठी पायरी अवघ्या एका लेव्हलवर असते.

सॉर्सररची जोड सर्वांत चांगली असे म्हणतात. ते खरे आहे का?

झोतांवर भर देणाऱ्या पात्रासाठी खरे आहे, पण ‘सर्वांत चांगली’ म्हणण्याआधी हिशेब करून पाहावा. आठव्या लेव्हलची दोन पात्रे शेजारी ठेवू. एक निव्वळ वॉरलॉक ८, दुसरे सॉर्सरर ५ आणि वॉरलॉक ३. दोघांनीही कॅरिझ्मा १६ ने सुरुवात केली असे धरू.

वॉरलॉकला चौथ्या आणि आठव्या लेव्हलला स्कोअर वाढवता आला, त्यामुळे त्याचा कॅरिझ्मा २० आहे. मिश्र पात्राला ही संधी सॉर्सररच्या चौथ्या लेव्हलला एकदाच मिळाली, त्यामुळे त्याचा १८. हेक्स आधीच लावलेला आहे असे धरल्यास वॉरलॉकच्या लागलेल्या एका झोताची सरासरी इजा १४ होते (साडेपाच, कॅरिझ्माचे पाच आणि हेक्सचे साडेतीन), तर मिश्र पात्राची १३. शत्रूचा आर्मर क्लास (त्याला वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) १५ असल्यास वॉरलॉकचा झोत ७० टक्के वेळा लागतो, दुसऱ्याचा ६५ टक्के. येथपर्यंत वॉरलॉक पुढे आहे.

आता सॉर्सररचे क्विकन्ड स्पेल हे मेटामॅजिक (स्पेल टाकण्याची रीत बदलण्याची कला) पाहू. दोन सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररच्या जादूचे जादा गुण) खर्च करून एक अ‍ॅक्शनचा स्पेल बोनस अ‍ॅक्शनमध्ये टाकता येतो. बोनस अ‍ॅक्शनमध्ये एखादा स्पेल टाकला की त्याच पाळीत दुसरा फक्त एक अ‍ॅक्शनचा कॅन्ट्रिपच चालतो, हा २०१४ चा नियम येथे आड येत नाही, कारण एल्ड्रिच ब्लास्ट कॅन्ट्रिपच आहे. म्हणजे एका पाळीत दोनऐवजी चार झोत. वॉरलॉकची त्या पाळीतली सरासरी इजा २० च्या आसपास, तर मिश्र पात्राची ३४ च्या आसपास भरते. क्रिटिकल (फासे दुप्पट करणारा अचूक वार) यात धरलेला नाही.

परंतु या ३४ च्या मागे दोन अटी लपलेल्या आहेत. हेक्स लावण्यासाठीही बोनस अ‍ॅक्शनच लागते, म्हणून पहिल्या पाळीत हेक्स आणि एकच ब्लास्ट होतो, दुहेरी मारा दुसऱ्या पाळीपासून. आणि पाचव्या लेव्हलच्या सॉर्सररजवळ पाच पॉइंट असतात, त्यांत क्विकन्ड दोनदाच बसते. त्यापुढे स्लॉट मोडून पॉइंट करावे लागतात. पॅक्ट मॅजिकचे स्लॉटही असे मोडता येतात, आणि दुसऱ्या पातळीच्या एका स्लॉटचे दोन पॉइंट होतात, म्हणजे एका क्विकन्डपुरते.

स्लॉटच्या बाबतीत तुलना अधिक बोलकी आहे. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाले, तर वॉरलॉक ८ ला चौथ्या पातळीचे एकूण सहा स्लॉट वापरायला मिळतात. मिश्र पात्राजवळ सॉर्सररचे पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्लॉट, शिवाय पॅक्ट मॅजिकचे दुसऱ्या पातळीचे सहा, असे पंधरा स्लॉट होतात. संख्या दुपटीहून जास्त, पण चौथ्या पातळीचा एकही नाही. बॅनिशमेंट किंवा डायमेन्शन डोअर हे स्पेल ज्याच्या खेळाचा कणा आहेत, त्याने या जोडीच्या मोहात पडू नये.

पहिली लेव्हल वॉरलॉकची घ्यावी की दुसऱ्या क्लासची?

सेव्हिंग थ्रोची (संकट टाळण्यासाठी टाकायच्या फाशाची) प्रोफिशिअन्सी फक्त पहिल्या क्लासकडून मिळते, नंतर घेतलेला क्लास ती देत नाही. वॉरलॉक विज्डम आणि कॅरिझ्माची देतो, सॉर्सरर कॉन्स्टिट्यूशन आणि कॅरिझ्माची. हेक्ससारखे कन्सन्ट्रेशनचे (एकाग्रता राखून चालू ठेवायचे) स्पेल टिकवण्यासाठी मार बसल्यावर कॉन्स्टिट्यूशनचाच सेव्ह करावा लागतो, म्हणून या दोघांच्या जोडीत सुरुवात सॉर्सररने करणे इष्ट. जड चिलखत हवे असेल तर सुरुवात फायटर किंवा पॅलाडिनने करावी, कारण मल्टिक्लासिंगने या क्लासमध्ये नंतर शिरणाऱ्याला हलके व मध्यम चिलखत आणि ढाल एवढेच मिळते. वॉरलॉकमध्ये नंतर येणाऱ्याला तर फक्त हलके चिलखत आणि साधी शस्त्रे.

कॉफीलॉक हा प्रकार नियमांत बसतो का?

अक्षरशः वाचल्यास २०१४ च्या नियमांत बसतो. सॉर्सरर-वॉरलॉक शॉर्ट रेस्ट घेतो, परत मिळालेले पॅक्ट मॅजिकचे स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करतो, त्या पॉइंटांतून सॉर्सररचे नवे स्लॉट तयार करतो आणि पुन्हा शॉर्ट रेस्ट घेतो. असे तयार केलेले स्लॉट लाँग रेस्ट संपल्यावर नाहीसे होतात, म्हणून हा गडी लाँग रेस्टच घेत नाही, रात्रभर जागा राहतो. कॉफीचे नाव त्यावरूनच पडले. वॉरलॉक ३ असलेल्या पात्राला एका तासाच्या शॉर्ट रेस्टमागे चार पॉइंट, म्हणजे पहिल्या पातळीचे दोन स्लॉट मिळतात, आणि बाकीची मंडळी आठ तास झोपलेली असताना तो असे सोळा स्लॉट जमवू शकतो.

२०१७ च्या झॅनाथर्स गाइड या पूरक पुस्तकामध्ये यावर ऐच्छिक उतारा आला. लाँग रेस्टशिवाय २४ तास गेले की डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, तो चुकला तर एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी, आणि पुढच्या प्रत्येक २४ तासांना डीसीमध्ये पाचाची भर. तरीही खरा उतारा नियमांत शोधू नये. रात्रभर एकट्याने स्लॉटचा हिशेब मांडत बसणाऱ्या पात्राबरोबर इतर चौघांना खेळायचे असते, आणि ज्या टेबलावर हे चालवून घेतले जाते तेथे डीएमला प्रत्येक लढाई त्या एकासाठी अवघड करावी लागते. मी स्वतः डीएम असताना ही जोडी चालू देतो, ही युक्ती नाही.

पॅलाडिनबरोबर वॉरलॉक कसा चालतो?

तलवार घेऊन पुढे जायचे असेल तर याहून चांगली जोडी नाही. २०१४ च्या नियमांत पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (स्लॉट खर्चून वाराची इजा वाढवण्याची शक्ती) वार लागल्यावर जाहीर करता येतो आणि तो पॅक्ट मॅजिकच्या स्लॉटवरही चालतो. पहिल्या पातळीच्या स्लॉटला आठ पैलूंचे दोन फासे, पुढे दर पातळीला एक जादा, कमाल पाच. वॉरलॉक ५ जवळ तिसऱ्या पातळीचे स्लॉट असतात, म्हणजे प्रत्येक स्माइटला चार फासे, सरासरी १८ ची भर, आणि हे स्लॉट शॉर्ट रेस्टनंतर पुन्हा भरतात. पॅलाडिनचे स्वतःचे स्लॉट लाँग रेस्टपर्यंत परतत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या जोडीचे आकर्षण कळते.

हेक्सब्लेड पेट्रनची एक लेव्हल घेणारे पॅलाडिन यामुळेच इतके बोकाळले. हेक्सब्लेड असलेल्याला निवडलेल्या एकहाती शस्त्राचा हल्ला कॅरिझ्मावर करता येतो, म्हणजे हल्ला, स्पेल आणि पॅलाडिनच्या सहाव्या लेव्हलचा ऑरा ऑफ प्रोटेक्शन हे सर्व एकाच स्कोअरवर आले. स्ट्रेंग्थ १३ ची अट मात्र सुटत नाही, आणि दोन हातांनी धरायच्या शस्त्रासाठी पॅक्ट ऑफ द ब्लेडपर्यंत, म्हणजे तिसऱ्या लेव्हलपर्यंत, जावे लागते.

येथे एकच सावधगिरी. पॅलाडिनच्या पाचव्या लेव्हलचा एक्स्ट्रा अटॅक आणि वॉरलॉकचे थर्स्टिंग ब्लेड यांची बेरीज होत नाही. दोन्ही घेतले तरी हल्ले दोनच. त्याचप्रमाणे एल्ड्रिच ब्लास्ट टाकणे ही स्पेल टाकण्याची अ‍ॅक्शन आहे, अटॅक अ‍ॅक्शन नव्हे, त्यामुळे एक्स्ट्रा अटॅकने ब्लास्ट दोनदा टाकता येत नाही.

बार्डची जोड कमी दिसते. ती कमजोर आहे का?

कमजोर मुळीच नाही, फक्त आकड्यांत चमकत नाही. बार्डजवळ इजा करणारा कॅन्ट्रिप म्हणून व्हिशस मॉकरीसारखा चार पैलूंच्या फाशाचा स्पेल असतो. वॉरलॉकच्या दोन लेव्हलनी ही उणीव भरून निघते. शिवाय पाचव्या लेव्हलपासून बार्डचे इन्स्पिरेशनही शॉर्ट रेस्टला परत मिळते. म्हणजे एका तासाच्या विश्रांतीत दोन्ही बाजू भरतात, आणि ‘जरा थांबू या का?’ असे विचारणारा पक्षात एकटा वॉरलॉक उरत नाही. बोलून काम साधणाऱ्या पात्रांसाठी मी सॉर्सररपेक्षा ही जोड आधी सुचवीन.

फायटर, रोग किंवा विझर्ड?

फायटरच्या दोन लेव्हलमध्ये २०१४ च्या नियमांनुसार अ‍ॅक्शन सर्ज (पाळीत एक जादा कृती) मिळतो व त्याने एका पाळीत ब्लास्ट दोनदा टाकता येतो, तोही शॉर्ट रेस्टमागे एकदा. रोगचा स्नीक अटॅक फिनेस किंवा लांब पल्ल्याच्या शस्त्रालाच लागू असल्यामुळे एल्ड्रिच ब्लास्टबरोबर चालत नाही, म्हणून ही जोड शस्त्र वापरणाऱ्यांनीच करावी. विझर्डचे स्पेल इंटेलिजन्सवर चालतात. दोन वेगळे स्कोअर सांभाळताना दोन्ही अर्धवट राहतात, आणि कथेची फारच गरज नसेल तर या वाटेने जाऊ नये.

२०२४ च्या नियमांनी काय बदलले?

पुष्कळ. इन्व्होकेशन पहिल्याच लेव्हलला सुरू होतात, दुसऱ्या लेव्हलला त्यांची संख्या तीन होते आणि पॅक्ट ऑफ द ब्लेडसारखे बून आता इन्व्होकेशन म्हणूनच निवडता येतात. त्यामुळे शस्त्र कॅरिझ्मावर चालवण्यासाठी हेक्सब्लेडची गरज उरली नाही, वॉरलॉकची एक लेव्हल पुरते. पेट्रनचा सबक्लास (क्लासची उपशाखा) मात्र तिसऱ्या लेव्हलवर गेला. दुसऱ्या लेव्हलच्या मॅजिकल कनिंगमुळे लाँग रेस्टमागे एकदा, एका मिनिटाच्या विधीने, पॅक्ट मॅजिकचे निम्मे स्लॉट परत मिळवता येतात.

काही दरवाजे बंदही झाले. डिव्हाइन स्माइट आता बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल आहे, त्यामुळे एका पाळीत तो एकदाच. अ‍ॅक्शन सर्जने मिळालेल्या जादा अ‍ॅक्शनमध्ये मॅजिक अ‍ॅक्शन घेता येत नाही, म्हणून फायटरच्या मदतीने दुहेरी ब्लास्टचा मार्ग खुंटला. क्विकन्ड स्पेलने दुहेरी ब्लास्ट अजूनही चालतो, आणि मेटामॅजिक आता सॉर्सररच्या दुसऱ्याच लेव्हलला येत असल्यामुळे ही जोड उलट लवकर उभी राहते. पॅलाडिनच्या निम्म्या लेव्हल मोजताना पूर्वी अपूर्णांक सोडून देत असत, आता तो वरच्या पूर्णांकात धरतात.

मल्टिक्लास न करता हाच फायदा फीटमधून मिळतो का?

थोडासा. २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन या पूरक पुस्तकामध्ये मेटामॅजिक अडेप्ट हे फीट आहे. त्यातून दोन मेटामॅजिक आणि दोन सॉर्सरी पॉइंट मिळतात, म्हणजे निव्वळ वॉरलॉकला लाँग रेस्टमागे एक क्विकन्ड ब्लास्ट. एकही लेव्हल न गमावता एवढे मिळत असेल, तर अनेकांना ते पुरेसे ठरावे. एल्ड्रिच अडेप्ट हे फीट उलट दिशेने, इतर जादूगारांना एक इन्व्होकेशन देते. पण ज्या इन्व्होकेशनला कोणतीही पूर्वअट आहे ते फक्त वॉरलॉकलाच घेता येते, त्यामुळे सॉर्सररला या मार्गाने अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट मिळणार नाही.

दुसरा क्लास मोहिमेत केव्हा घ्यावा?

एकूण पाचवी लेव्हल हा सर्वांत नाजूक टप्पा असतो. त्या वेळी सॉर्सरर असलेले मित्र फायरबॉल टाकू लागतात आणि फायटरला दुसरा हल्ला मिळतो. झोतांवर जगणाऱ्या पात्राला मात्र दुसरा झोत कोणत्याही परिस्थितीत मिळतोच, त्यामुळे त्याने तिसऱ्या-चौथ्या लेव्हललाच क्लास बदलला तरी चालते. तलवारीवर किंवा मोठ्या स्पेलवर जगणाऱ्याने आधी एका क्लासच्या पाच लेव्हल पूर्ण कराव्यात. विसाव्या लेव्हलला कसे दिसेल हे डोळ्यांपुढे ठेवून रचलेली कित्येक पात्रे सातव्या लेव्हलपर्यंत इतकी लंगडी असतात की, मोहीम तेथेच संपली तर त्यांच्या वाट्याला केवळ प्रतीक्षाच आलेली असते.

कथेच्या अंगानेही वेळ साधता येते. पेट्रनशी करार हा वॉरलॉकचा गाभा असल्यामुळे, पॅलाडिनने वॉरलॉकची लेव्हल घेतली तर त्याच्या शपथेचे काय झाले, हे डीएम विचारणारच. सेलेस्टियल (दैवी) पेट्रनच्या बाबतीत याचे उत्तर सोपे असते, फीन्डच्या (सैतानी पेट्रनच्या) बाबतीत ते पुढच्या दहा सत्रांचा विषय होऊ शकते.

आमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट फारसे मिळतच नाहीत. मग?

मग वॉरलॉकचा सगळा ताळेबंद बदलतो. २०१४ चे डीएमचे पुस्तक दिवसाला सहा ते आठ लढाया आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरते. सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास जमणाऱ्या गटांत एका सत्रात एखादीच मोठी लढाई होते, लगेच लाँग रेस्ट होतो, आणि वॉरलॉकजवळ दिवसभरात दोनच स्लॉट उरतात. अशा टेबलावर वॉरलॉकच्या लेव्हल दोनवर थांबवून बाकी लेव्हल सॉर्सरर किंवा बार्डमध्ये घालणे केव्हाही शहाणपणाचे. जेथे अंधारकोठडीत लांबलचक दिवस जातो आणि डीएम दारे लावून तासभर बसू देतो, तेथे निव्वळ वॉरलॉकही कोणाच्या मागे पडत नाही. म्हणून पहिल्या सत्राआधी डीएमला ‘शॉर्ट रेस्ट साधारण किती मिळतील?’ एवढे विचारावे.

बाल्डर्स गेट ३ मध्ये जमलेली जोडी टेबलावर तशीच चालेल का?

तशीच नाही. २०२३ च्या त्या संगणकीय खेळात मल्टिक्लासिंगसाठी स्कोअरची अट नाही, लेव्हलची मर्यादा १२ आहे आणि थोडे सोने मोजून पात्राचे क्लास पुन्हा पहिल्यापासून निवडता येतात. पॅक्ट ऑफ द ब्लेडचा जादा हल्ला तेथे, ऑनर मोड (सर्वांत अवघड प्रकार) सोडल्यास, दुसऱ्या क्लासच्या एक्स्ट्रा अटॅकमध्ये मिळवला जातो आणि तीन हल्ले होतात. टेबलावरच्या नियमांत हे दोनच राहतात. त्या खेळातली पॅलाडिन-वॉरलॉक जोडी आणायची असेल, तर आधी स्ट्रेंग्थ १३ ची सोय करावी आणि तिसरा हल्ला हिशेबातून काढून टाकावा.